द्रावक कोण आणि द्राव्य कोण? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या द्रावणांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. मिश्रणात जो घटक जास्त तो द्रावक आणि जो कमी ते द्राव्य, ही शाळेत पाठ झालेली व्याख्या अनेक प्रश्नांच्या मुळाशी असल्यामुळे पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : साखरेचा घट्ट पाक करताना १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर सहज विरघळते. व्याख्येप्रमाणे जास्त असलेला घटक द्रावक ठरतो, मग या पाकात साखरेला द्रावक आणि पाण्याला द्राव्य म्हणायचे का? मुलीने हे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : पाकातही द्रावक पाणीच आहे. मुलीने व्याख्येच्या नेमक्या कच्च्या जागेवर बोट ठेवले आहे, त्यामुळे तिला गप्प न करता दोन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, घटक कमी की जास्त हे पाहण्याआधी त्यांची अवस्था पाहायची असते. विरघळण्यापूर्वी साखर स्थायू होती, पाणी द्रव होते आणि तयार झालेला पाक द्रव आहे. ज्या घटकाची अवस्था द्रावणाने कायम ठेवली तो द्रावक, आणि ज्याला आपली अवस्था सोडावी लागली ते द्राव्य. दोन्ही घटक मुळात एकाच अवस्थेत असतील, उदाहरणार्थ दोन्ही द्रव किंवा दोन्ही वायू असतील, तेव्हाच ‘जास्त कोण’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ असतो. व्याख्येतील हा पहिला भाग गाळून केवळ दुसरा पाठ केला जातो आणि मग पाक, मध यांसारख्या पदार्थांपाशी गाडी अडते.

दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. जास्त किंवा कमी हे कशाने मोजायचे? वजनाने पाहिले तर तुमच्या पाकात साखर पाण्याच्या दुप्पट आहे. परंतु साखरेचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूपेक्षा सुमारे १९ पट जड असतो. साखरेचे रेणुवस्तुमान ३४२ आणि पाण्याचे १८ धरून हिशेब केला, तर या पाकात साखरेच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे नऊ ते दहा रेणू येतात. म्हणजे वजनाच्या काट्यावर साखर जिंकते आणि रेणूंची मोजदाद केली तर पाणी पुष्कळच पुढे असते. साखरेच्या रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडून पाण्याचे रेणू तो रेणू स्फटिकातून सोडवून घेतात. विरघळवण्याचे हे काम पाणी करते आणि साखरेवर ते घडते.

मधात तर पाणी वजनाने अवघे १७ ते २० टक्के असते आणि उरलेला बहुतांश भाग फ्रुक्टोज व ग्लुकोज या शर्करांचा असतो. तिथेही पाण्याचे रेणू शर्करेच्या रेणूंच्या साधारण दुप्पट भरतात आणि द्रावक म्हणून पाण्याचेच नाव घेतले जाते. मात्र मधातील ग्लुकोज इतक्या कमी पाण्यात पेलवत नाही, हे द्रावण अतिसंपृक्त असते, आणि म्हणूनच काही दिवसांनी त्यातून ग्लुकोजचे स्फटिक बाहेर पडून मध रवाळ होतो. असा मध भेसळीचा असल्याची समजूत सर्रास आढळते. परंतु केवळ रवे धरले एवढ्यावरून ती करून घेऊ नये.

प्रश्न : घरातील व्हिनेगर, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि निर्जंतुकीकरणाचे स्पिरिट या बाटल्यांवर टक्के लिहिलेले असतात. ते टक्के द्राव्याचेच असतात का?

उत्तर : पहिल्या तिन्हींच्या बाबतीत होय. खाद्य व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास असते, जखमेसाठी घरात ठेवलेले हायड्रोजन पेरॉक्साइड सामान्यतः ३ टक्क्यांचे असते आणि घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ३ ते ८ टक्के असते. या तिन्ही बाटल्यांत बहुतांश भाग पाण्याचा असल्याने द्रावक कोण याविषयी शंका उरत नाही. तरीही प्रत्येक द्राव्याचे वागणे निराळे आहे.

ॲसेटिक आम्ल आणि पाणी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे व्हिनेगर कधी ‘संपृक्त’, म्हणजे आणखी द्राव्य मावणार नाही असे, होऊच शकत नाही. शिवाय या आम्लाचे बहुतेक रेणू पाण्यात अखंड राहतात आणि हजारांतील चार-पाचच आयनांमध्ये, म्हणजे विद्युतभारित कणांमध्ये, फुटतात. म्हणूनच त्याला सौम्य आम्ल म्हणतात. विरघळलेले मीठ मात्र पूर्णपणे सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या रूपात असते. काही द्राव्ये पाण्यात आपोआप आयनांत विभागली जातात, ही कल्पना स्वांते अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडली तेव्हा तिच्याकडे संशयाने पाहिले गेले होते, आणि पुढे १९०३ मध्ये त्याच कार्यासाठी त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हायड्रोजन पेरॉक्साइडची गंमत अशी की त्याचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात. ऑक्सिजन उडून जातो आणि द्राव्याचा उरलेला भाग द्रावकातच जमा होतो. जुन्या बाटलीतील द्रव दिसायला तसाच असला तरी त्यात पाण्याखेरीज फारसे काही उरलेले नसण्याची शक्यता असते. प्रकाशामुळे हे विघटन वेगाने होते, म्हणून ही बाटली गडद रंगाची असते. ब्लीचही उजेडात आणि उष्णतेत हळूहळू निष्प्रभ होते.

स्पिरिटची गोष्ट वेगळी आहे. ७० टक्के स्पिरिट म्हणजे आकारमानाने ७० टक्के अल्कोहोल. अल्कोहोल आणि पाणी दोन्ही द्रव असल्यामुळे इथे जास्त असलेला घटक द्रावक ठरतो आणि बाटलीवरील आकडा द्राव्याचा नसून द्रावकाचा होतो. परंतु रेणू मोजायला बसलो तर याच बाटलीत पाण्याचे रेणू अल्कोहोलच्या रेणूंपेक्षा जास्त निघतात! माझ्या मते अशा ठिकाणी द्रावक कोणता यावर वाद घालण्यात काहीच हशील नाही. ही नावे आपल्या सोयीसाठी आहेत. दोन्ही द्रव एकमेकांत हवे तसे मिसळतात आणि कोणाला काय म्हटले याने त्या द्रावणाच्या गुणधर्मांत तसूभरही फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रमाणाने. जंतूंच्या प्रथिनांची रचना मोडण्याच्या क्रियेला पाण्याचीही गरज असते आणि शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जाते, म्हणून जंतुनाशक या नात्याने शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचे मिश्रण अधिक परिणामकारक ठरते.

टक्के वाचताना ते वजनाचे आहेत की आकारमानाचे, हेही पाहावे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनवर ०.९ टक्के लिहिलेले असते, त्याचा अर्थ १०० मिलिलिटर द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ असा तिसऱ्याच पद्धतीचा असतो.

प्रश्न : ही वेगवेगळी रसायने एकत्र केली तर सफाई अधिक चांगली होते का?

उत्तर : अजिबात करू नये. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतात, तेही विषारीच. दोन द्रावणे एकमेकांत ओतताना केवळ दोन द्रावके एकत्र होत नाहीत, तर त्यांतील द्राव्ये समोरासमोर येतात, हे ध्यानात ठेवावे. तुंबलेले नळ मोकळे करण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरत असाल तर तो पाण्यात थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. विरघळताना तो इतकी उष्णता बाहेर टाकतो की थोडे पाणी उसळून अंगावर येऊ शकते.

प्रश्न : दूध हे द्रावण आहे का? ते एकजीव दिसते आणि तळाशी काही बसतही नाही.

उत्तर : दुधाला एका खान्यात बसवता येत नाही, कारण त्यात एकाच वेळी तीन प्रकारची मिश्रणे नांदत असतात. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. त्या पाण्यात साडेचार ते पाच टक्क्यांच्या आसपास असलेली दुग्धशर्करा आणि काही क्षार खरोखर विरघळलेले असतात. तेवढ्यापुरते दूध हे खरे द्रावण आहे. केसिन हे प्रथिन मात्र विरघळलेले नसते, त्याचे सूक्ष्म पुंजके पाण्यात पसरलेले असतात, आणि हा भाग कलिल या वर्गात मोडतो. तिसरा घटक स्निग्धांश. त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि या भागाला पायस म्हणतात. दूध स्थिर ठेवले की साय वर येते, ती हे थेंब हलके असल्यामुळे.

खऱ्या द्रावणातील कण एक नॅनोमीटरच्या आतबाहेरचे, म्हणजे सुट्या रेणूंएवढे किंवा आयनांएवढे असतात. केसिनचे पुंजके त्याच्या शंभर-दीडशे पट मोठे असतात आणि स्निग्धांशाचे थेंब त्याहूनही मोठे, मायक्रोमीटरच्या मापाचे असतात. एवढे मोठे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळेच दूध पांढरे दिसते. घरी पडताळून पाहायचे असेल तर एका पारदर्शक पेल्यात मिठाचे पाणी आणि दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकलेले पाणी घ्यावे आणि अंधाऱ्या खोलीत दोन्हींमधून बाजूने टॉर्चचा झोत सोडावा. मिठाच्या पाण्यात झोताची वाट जवळजवळ दिसत नाही, दुधाच्या पाण्यात मात्र ती स्पष्ट उजळते. जॉन टिंडल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम द्रावण आणि कलिल वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी आहे. ‘एकजीव दिसते’ ही कसोटी पुरेशी नाही. दिसण्याची मर्यादा आपल्या डोळ्यांची असते, मिश्रणाची नव्हे.

प्रश्न : पाणी गरम केले की साखर कितीतरी जास्त विरघळते, मिठाच्या बाबतीत तसा फरक जाणवत नाही. असे का?

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते आणि १०० अंशांच्या जवळ हेच प्रमाण ४८० ग्रॅमच्या पुढे जाते. मिठाचे प्रमाण याच दरम्यान ३६ ग्रॅमवरून जेमतेम ३९ ग्रॅमपर्यंत सरकते. विरघळताना एकीकडे स्फटिकातील बंध तोडण्यासाठी ऊर्जा खर्च होते आणि दुसरीकडे सुट्या झालेल्या कणांभोवती पाण्याचे रेणू जमताना ऊर्जा मोकळी होते. मिठाच्या बाबतीत या दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या असतात, किंचित उष्णता शोषली जाते इतकेच, त्यामुळे तापमान वाढवून फारसा लाभ होत नाही.

मात्र किती विरघळते आणि किती लवकर विरघळते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गरम पाण्यात मीठ झटपट विरघळते हे खरेच आहे, कारण रेणूंची हालचाल वाढलेली असते. ढवळल्यानेही वेगच वाढतो. संपृक्त झालेल्या द्रावणाच्या तळाशी उरलेले मीठ कितीही वेळ ढवळत बसलात तरी त्याचे प्रमाण कमी होणार नाही.

प्रश्न : टिंक्चर आयोडीनचा डाग पाण्याने जात नाही, नेलपॉलिश पाण्याने निघत नाही, तेलाचा डागही तसाच. पाण्यात सर्व काही विरघळते असे ऐकले होते.

उत्तर : पाण्याला ‘सार्वत्रिक द्रावक’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ती शब्दशः घेऊ नये. पाण्याच्या रेणूच्या एका टोकाला किंचित ऋण आणि दुसऱ्या बाजूला किंचित धन विद्युतभार असतो, त्यामुळे मिठासारखे आयनांचे बनलेले आणि साखरेसारखे ध्रुवीय पदार्थ त्यात विरघळतात. तेल, मेण, ग्रीस यांच्या रेणूंत अशी टोके जवळपास नसतात. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात आणि तेलाला बाजूला ठेवतात.

आयोडीन एक लिटर पाण्यात जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळते, अल्कोहोलमध्ये मात्र ते चांगले विरघळते. म्हणून टिंक्चरमध्ये द्रावक म्हणून अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण वापरतात. त्यात सोडियम किंवा पोटॅशियम आयोडाइडही घातलेले असते, कारण आयोडाइडशी जोडले जाऊन आयोडीनचा जो आयन बनतो तो पाण्यात सुखाने राहतो. म्हणजे ज्या बाटलीला आपण ‘आयोडीनचे द्रावण’ म्हणून मोकळे होतो तिच्यात दोन द्रावके आणि दोन द्राव्ये असतात. डाग काढायचा तर पाण्याऐवजी स्पिरिट वापरून पाहावे.

नेलपॉलिशचा थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि तो ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेट यांत विरघळतो. ॲसिटोन पाण्यातही मिसळते आणि अनेक सेंद्रिय पदार्थांनाही विरघळवते, त्यामुळे ते उपयोगी तितकेच उपद्रवीही आहे. काही प्लॅस्टिके आणि रोगणे त्याने खराब होतात आणि ते चटकन पेट घेते. उघड्या ज्योतीजवळ ते वापरू नये.

तेलाच्या डागासाठी साबण लावतो तेव्हा तेल पाण्यात विरघळते असे समजण्याचे कारण नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलात रुतते आणि दुसरे पाण्याकडे राहते. अशा रेणूंनी वेढलेले तेलाचे सूक्ष्म गोळे पाण्याबरोबर वाहून जातात. उरते ते गढूळ पाणी आणि त्याचा गढूळपणाच सांगतो की हे खरे द्रावण नव्हे.

प्रश्न : किटलीतील पांढरा थर व्हिनेगरने निघतो. म्हणजे तो व्हिनेगरमध्ये विरघळतो असेच ना? आणि तो आला कुठून?

उत्तर : आला तो पाण्यातूनच. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापवले की त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. इथे साखरेच्या उलट घडते, पाणी तापल्यामुळे द्राव्य बाहेर पडते.

व्हिनेगरमध्ये हा थर नाहीसा होतो, पण ते निव्वळ विरघळणे नव्हे. बुडबुडे येताना दिसतात ते कार्बन डायऑक्साइडचे. आम्लाशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम ॲसिटेट हा नवा पदार्थ तयार होतो आणि तो पाण्यात विरघळतो. पडताळा सोपा आहे. मिठाचे पाणी आटवले तर तेच मीठ परत मिळते, पण थर काढलेले व्हिनेगर आटवले तर मूळचा थर परत मिळणार नाही.

प्रश्न : पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकले तरी पातळी वाढलेली दिसत नाही. मीठ जागा व्यापत नाही का?

उत्तर : व्यापते, पण कोरडे असताना व्यापायचे त्याहून कमी. ५ ग्रॅम मिठाच्या स्फटिकांचे स्वतःचे आकारमान सुमारे २.३ मिलिलिटर असते. पेलाभर पाण्यात विरघळल्यावर पातळी साधारण दीड मिलिलिटरनेच वाढते आणि रुंद पेल्यात ती नजरेत भरत नाही. आयनांच्या ओढीने भोवतालचे पाण्याचे रेणू जरा दाटीने बसतात, हे त्याचे कारण. अल्कोहोलच्या बाबतीत हा परिणाम आणखी ठळक आहे : ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले की १०० नव्हे, ९६ ते ९७ मिलिलिटर द्रावण मिळते. वजनाची बेरीज मात्र दोन्ही वेळा चोख जुळते.

प्रश्न : सोडा वॉटर उघडे ठेवले की त्याचा जोर जातो; फ्रिजमध्ये ठेवले तर उशिरा जातो. द्राव्य वायू असले की नियम उलटे होतात का?

उत्तर : तापमानापुरते होय. वायू थंड पाण्यात अधिक विरघळतात. नेहमीच्या हवेच्या दाबाइतकाच कार्बन डायऑक्साइडचा दाब असेल, तर शून्य अंशाला एक लिटर पाण्यात तो सुमारे ३.३ ग्रॅम विरघळतो आणि २५ अंशांना दीड ग्रॅमच्या आसपास. याखेरीज वायूवरील दाब जितका जास्त तितका तो अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. बंद बाटलीत वायू बराच जास्त दाबाखाली असतो. झाकण उघडताच तो दाब जातो आणि द्रावण अतिसंपृक्त होऊन बुडबुडे सुटू लागतात. पाणी उकळण्याच्या बरेच आधी भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, तेही वाफेचे नसून पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात.

प्रश्न : द्रावण नेहमी द्रवच असते का?

उत्तर : नाही. पितळ हे तांब्यात विरघळलेल्या जस्ताचे स्थायू द्रावण आहे, आणि कोरडी हवा हे आकारमानाने सुमारे ७८ टक्के असलेल्या नायट्रोजनमध्ये २१ टक्के ऑक्सिजन आणि इतर वायू मिसळून झालेले वायुरूप द्रावण. या दोन्हींत घटक एकाच अवस्थेतील असल्यामुळे ‘जास्त तो द्रावक’ हा नियम इथे खुशाल लावावा.